के१००० विकून एफएम२ घ्यायचा का? आधी निगेटिव्ह परत मागवा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत परत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज होत असेल तर तुम्हालाच कळेल. मामांकडून पेंटॅक्स के१००० मिळाला, सोबत पेंटॅक्स-एम ५० एमएम एफ/२ लेन्स. बरीच वर्षं कपाटात पडून होता. नवीन बॅटरी घातल्यावर प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा काटा हलला, म्हणून तुम्ही २०० आयएसओचा (हा आकडा फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील ते सांगतो) कलर निगेटिव्ह रोल टाकून काढला. लॅबने फक्त स्कॅन पाठवले. त्यात निम्मे फोटो मातकट आणि दाणेदार, काहींवर नारिंगी पट्टे, आणि भर उन्हातल्या काही फोटोंची एक बाजू काळवंडलेली. मित्र म्हणतोय की के१००० हा शिकाऊ लोकांचा कॅमेरा, विकून टाक आणि निकॉन एफएम२ घे. तर विकू की दुरुस्त करू, असं तुम्ही विचारलंय.

आत्ता यातलं काहीच करू नका. कारण तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारी ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत, आणि त्यातलं एक तर बहुतेक कॅमेऱ्याचं नाहीच. विकायचा की ठेवायचा हे नंतर ठरेल, आणि ते शटरचे पडदे कुठल्या अवस्थेत आहेत, तुमच्या आवाक्यात मेकॅनिकल कॅमेरे उघडणारा कोणी आहे का, आणि तुम्हाला नेमके कसले फोटो काढायचेत यावर अवलंबून आहे. यातलं पहिलं आपण घरबसल्या बऱ्यापैकी शोधू शकतो. मी हे कॅमेरे वापरतो आणि दुरुस्तीसाठी उघडतोही, आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण कॅमेरा बिघडलाय असं सांगतात पण निगेटिव्ह आणत नाहीत, तिथेच सगळं अडतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे लॅबला फोन करून निगेटिव्ह परत मागा. फेकून दिल्या असतील तर पुढच्या रोलला आधीच सांगा की निगेटिव्ह हव्यात, आणि शक्यतो न कापता द्या. स्कॅनवरून निदान होत नाही, कारण लॅबचा स्कॅनर प्रत्येक फ्रेम स्वतःच्या मनाने उजळ करतो, गडद करतो, रंग बदलतो. कमी प्रकाश मिळालेली फ्रेम तो ओढूनताणून वर आणतो आणि मग काळ्याच्या जागी करडा चिखल आणि दाणे दिसतात. तुम्हाला वाटतं फोकस गेला किंवा लेन्स खराब, प्रत्यक्षात फिल्मवर त्या जागी काही उमटलेलंच नसतं. निगेटिव्हमध्ये असली लपवाछपवी नसते.

निगेटिव्ह हातात आल्या की त्या मोबाईलच्या किंवा लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनवर धरा आणि फोटोंकडे बघायच्या आधी कडेकडे बघा. फिल्मच्या काठावर कंपनीचं नाव आणि फ्रेमचे नंबर असतात. ती अक्षरं कारखान्यात प्रकाशाने उमटवलेली असतात आणि तुमच्या फोटोंबरोबरच डेव्हलप होतात, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नसतो. ती ठसठशीत असतील आणि फ्रेम मात्र फिकट असतील तर डेव्हलपिंग ठीक झालंय, प्रकाश कॅमेऱ्यात कमी पडला. अक्षरंसुद्धा पुसट असतील तर गडबड लॅबमध्ये, केमिकल थकलेलं किंवा तापमान चुकलेलं (कलर निगेटिव्हचं सी-४१ डेव्हलपर साधारण ३८ अंशाला चालतं आणि त्यात थोडाही फरक खपत नाही). अक्षरं स्वच्छ पण एकही फ्रेम नाही असं असेल तर फिल्म आत पुढे सरकलीच नाही. हे तुमच्या बाबतीत झालेलं नाही, पण पहिल्या रोलला हे फार जणांचं होतं म्हणून सांगून ठेवतो: रोल भरल्यावर डावीकडची रिवाइंडची कळ हलकेच फिरवून ढिलाई काढून घ्या आणि मग लिव्हर ओढताना ती कळ उलटी फिरतेय ना ते बघा. फिरत असेल तर फिल्म चाललीय. काउंटरवर विश्वास ठेवू नका, तो रिकाम्या कॅमेऱ्यातही पुढे जातो.

आता मातकट फोटो. माझा अंदाज असा की तुमच्या त्या फ्रेम निगेटिव्हवर फिकट असतील, म्हणजे अंडरएक्स्पोज. आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्या, जुन्या मेकॅनिकल शटरची सवय मंदावण्याची असते. ग्रीस सुकतं, स्प्रिंग थकते, गिअर जड होतात, त्यामुळे विशेषतः १/३० सेकंदाच्या खालचे, म्हणजे मंद, स्पीड ठरल्यापेक्षा लांबतात. म्हणजे प्रकाश जास्त जातो, कमी नाही. लेन्सच्या (भोक लहान-मोठं करणाऱ्या) पात्यांना तेल लागून त्या उशिरा बंद होत असतील तरीही जास्तच जातो. म्हणून पूर्ण फ्रेम सारखी फिकट असेल तर मी शटरवर संशय घ्यायच्या आधी मीटर, आयएसओची चकती आणि मीटर वापरणारा माणूस या तिघांना विचारतो.

चकती सगळ्यात सोपी. या कॅमेऱ्याला रोलच्या डब्यावरचा डीएक्स कोड, म्हणजे फिल्मचा आयएसओ सांगणारी खूण, वाचता येत नाही, १९७६ च्या डिझाइनमध्ये तो असणंच शक्य नाही कारण कोड आला १९८३ ला. शटर स्पीडच्या चकतीची बाहेरची कडा उचलून फिरवली की छोट्या खिडकीत आकडा बदलतो. मामांनी शेवटचा रोल ४०० चा वापरला असेल आणि तुम्ही २०० चा टाकून चकती तशीच ठेवली असेल तर अख्खा रोल एक स्टॉप कमी, म्हणजे प्रकाश निम्मा. एकदा बघून घ्या.

मीटर तपासायला एक साधी, एकसारख्या प्रकाशातली भिंत पुरे. डिजिटल कॅमेरा असेल तर त्यावर, नाहीतर मोबाईलवर लाइट मीटरचं अ‍ॅप घेऊन, दोन्हीकडे आयएसओ सारखा ठेवून, भिंतीजवळ जाऊन भिंत पूर्ण फ्रेम भरेल अशी धरून दोन्हींची रीडिंग लिहा. हे तीन ठिकाणी करा: बाहेर उन्हात, सावलीत आणि घरात. तिन्ही ठिकाणी तुमचा मीटर एकाच दिशेने एकसारखाच चुकत असेल, समजा सगळीकडे एक स्टॉप कमी, तर दुरुस्तीची गरजच नाही, चकतीवर २०० ऐवजी १०० लावा आणि विसरा. पण उन्हात बरोबर आणि घरात दोन स्टॉप चूक असला प्रकार असेल तर मीटरचा सेल म्हातारा झालाय, त्याला मान देऊ नका, मोबाईलवर मोजा. बॅटरी एलआर४४ ऐवजी एसआर४४ घाला. आकार तोच, पण सिल्व्हर ऑक्साइड असल्यामुळे संपेपर्यंत व्होल्टेज जवळपास स्थिर ठेवते, अल्कलाइनचं हळूहळू उतरत जातं. आणि के१००० च्या मीटरला स्विच नाही. लेन्सवर उजेड पडत असेल तोवर तो चालूच, त्यामुळे काम झालं की टोपी लावा.

बॅटरी संपली तरी शटर चालतं हेही सांगतो, कारण बॅटरी गेली म्हणजे कॅमेरा गेला असं समजून लोक हे कॅमेरे कपाटात टाकून देतात. बॅटरीचं काम फक्त काटा हलवणं. उन्हात तर काट्याशिवायही भागतं: लख्ख ऊन असेल तर एफ/१६ ला (हा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या भोकाचा आकडा, मोठा आकडा म्हणजे लहान भोक) आयएसओच्या आकड्याजवळचा स्पीड, म्हणजे २०० च्या फिल्मला १/२५०. हलके ढग असतील तर एफ/११, पूर्ण ढगाळ एफ/८, आणि मोकळ्या सावलीत एफ/५.६. हा हिशोब पाठ करा. फोटो काढण्यापेक्षाही मीटर कधी थापा मारतोय हे ओळखायला याचा उपयोग जास्त.

कारण मीटर ठीक असूनही अंडर होतंच. के१००० चा मीटर सगळ्या फ्रेमची सरासरी काढतो आणि ती सरासरी मधल्या करड्या रंगाची आहे असं गृहीत धरतो. फ्रेममध्ये आकाश निम्मं आलं की त्याला वाटतं उजेड भरपूर आहे, काटा वर जातो, तुम्ही प्रकाश कमी करता आणि खालची माणसं काळवंडतात. तुमचे मातकट आलेले फोटो बघा, त्यातल्या किती फोटोंत मागे आकाश, खिडकी किंवा पांढरी भिंत आहे? मी पैज लावायला तयार आहे की बऱ्याच. उपाय सोपा आहे. कॅमेरा थोडा खाली झुकवा, ज्या प्रकाशात माणूस उभा आहे त्याच प्रकाशातली जमीन किंवा स्वतःचा तळहात मोजा (तळहात असेल तर एक स्टॉप जास्त द्या, गोरा-सावळा कसाही असला तरी साधारण चालतं), काटा मध्ये आणा, आणि मग कॅमेरा वर करून फ्रेम लावा. आता काटा कुठेही जाऊ दे, त्याच्याकडे बघायचं नाही. ऑटो कॅमेऱ्यात यासाठी लॉकचं बटण दाबून ठेवावं लागतं, इथे तुम्ही हात लावल्याशिवाय काही बदलतच नाही, मॅन्युअल कॅमेऱ्याची मला आवडणारी गोष्ट हीच.

आणि कलर निगेटिव्हला प्रकाश जास्त झाला तर ती निभावून नेते, दोन स्टॉपपर्यंत तर सहज. कमी झालेला मात्र एक स्टॉपही दिसतो. डिजिटलवरून आलेले लोक नेमके उलटे वागतात, पांढरं जळू नये म्हणून हात आखडता घेतात. ती सवय इथे नडते. शंका असेल तिथे जास्त द्या. स्लाइड फिल्म (निगेटिव्हऐवजी थेट सरळ चित्र देणारी) वापराल तेव्हा मात्र हा सल्ला विसरा, तिला थोडंसं जास्तही सोसत नाही.

नारिंगी पट्ट्यांकडे वळू. हा लाइट लीक आहे आणि रंगच सांगतोय की प्रकाश मागच्या बाजूने शिरलाय. कलर फिल्ममध्ये लाल प्रकाश टिपणारा थर सगळ्यात मागे, बेसच्या, म्हणजे फिल्मच्या प्लास्टिकच्या पट्टीच्या, लगत असतो, त्यामुळे मागून आलेला प्रकाश त्याला आधी गाठतो आणि फोटोत लाल-नारिंगी डाग येतो. निगेटिव्हवर खात्री करा: तो पट्टा, जो तिथे गडद दिसेल, फ्रेमच्या चौकटीबाहेर, दोन फ्रेममधल्या मोकळ्या जागेत किंवा कडेच्या भोकांपर्यंत पसरलाय का? पसरला असेल तर मागच्या झाकणाचे सील गेलेत. डाग बरोबर चौकटीच्या आतच थांबत असेल तर तो समोरून आलाय, म्हणजे शटरच्या कापडी पडद्याला बारीक भोक आहे किंवा आरशाच्या बाजूने काहीतरी झिरपतंय. या दोन गोष्टींच्या खर्चात आणि कटकटीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून इतक्या बारकाईने सांगतोय. अजून एक खूण म्हणजे ज्या फ्रेमच्या आधी कॅमेरा बराच वेळ उन्हात गळ्यात लटकत होता ती जास्त बिघडलेली असेल, पटापट काढलेल्या जवळजवळ स्वच्छ असतील. आणि फिल्मवर चित्र उलटं पडतं हे ध्यानात ठेवा, फोटोत खाली दिसणारा पट्टा कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूच्या फटीतून आलेला असतो.

तुमचा लीक मागच्या झाकणाचाच असणार, रंगावरून मला फारशी शंका नाही. या सगळ्या कॅमेऱ्यांत झाकण जिथे बंद होतं त्या खाचांत काळा फोम असतो आणि तो काही दशकांत विरघळून डांबरासारखा चिकट होतो. कॅमेरा वापरला काय, न वापरला काय, फोम सडतोच. झाकण उघडून खाचेत लाकडी टूथपिक फिरवा, काळा चिकट गाळ निघाला तर निदान झालं. बदलणं घरी जमतं: आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये टूथपिकचं टोक बुडवून जुना फोम खरवडायचा, सुकू द्यायचं, आणि नवीन पातळ फोमच्या पट्ट्या किंवा खाचेत मावेल अशी काळी लोकर बसवायची. बिजागरीच्या बाजूला रुंद पट्टी लागते. कॅमेरा तोंड खाली करून धरा म्हणजे चुरा आत न पडता बाहेर पडेल, आणि काही झालं तरी शटरच्या पडद्याला बोट लावू नका. आरशाच्या वर समोरच्या बाजूला एक फोमची पट्टी असते, आरसा आपटू नये म्हणून, तीही बघा, चिकट झाली असेल तर आरसा वरच चिकटून बसतो. तिथे काम करताना मात्र हात फार सांभाळा, कारण या आरशाला मुलामा पुढून असतो, घरच्या आरशासारखा काचेमागे नाही, पुसायला गेलात की ओरखडा कायमचा. त्याच्या वरच्या फोकसिंग स्क्रीनला तर अल्कोहोलचा थेंबही नको, ती प्लास्टिकची असते.

लगेच फोम मिळाला नाही तर पुढच्या रोलला झाकणाच्या सगळ्या फटींवर बाहेरून काळी इलेक्ट्रिकल टेप लावा. दिसायला भयंकर दिसतं पण पट्टे गायब झाले तर खात्री पटते.

तिसरी तक्रार मला खरी महत्त्वाची वाटते, भर उन्हात एक बाजू काळी. आधी विचारतो, तिथे फ्लॅश वापरला होता का? के१००० चा फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅश चालणारा सगळ्यात वेगवान स्पीड, १/६० आहे, त्यावरच्या स्पीडला फ्लॅश लावला तर अर्धी फ्रेम काळी येणारच, तो दोष नाही. नसेल वापरला तर मग हा पडद्यांचा प्रश्न.

आत काय होतं ते सांगतो. दोन कापडी पडदे आडवे धावतात, पहिला उघडत जातो, दुसरा मागून झाकत येतो. १/६० पर्यंत फ्रेम एका क्षणी पूर्ण उघडी असते. त्याच्या वरच्या स्पीडला पहिला पूर्ण पोचायच्या आधीच दुसरा निघतो आणि दोघांमधली फट फिल्मवरून सरकत जाते. १/१००० ला ही फट जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असते. आता ग्रीस सुकून पहिला पडदा किंचित रखडला की दुसरा त्याला गाठतो, फट अरुंद होत होत बंद, आणि फ्रेमच्या शेवटच्या भागाला प्रकाशच मिळत नाही. कमी स्पीडला फट मोठी असल्यामुळे तेवढंच रखडणं लक्षातही येत नाही. म्हणूनच तुमचे फक्त उन्हातले फोटो बिघडले. २०० ची फिल्म, लख्ख ऊन, एफ/८ ठेवलं असेल तर स्पीड १/१००० येतो. तुम्ही एफ/८ वर होतात ना?

घरी बघायचं कसं, तर रोल नसताना झाकण उघडा, लेन्स एफ/२ वर, समोर उजळ आकाश किंवा पांढरी भिंत, १/१००० ला शटर दाबत मागून बघा. पूर्ण आयत लखकन दिसला पाहिजे. एक कड सतत अंधारी राहिली तर झालंच. मग १/५०० ला, मग १/२५० ला. कुठल्या स्पीडपासून खाली पूर्ण फ्रेम दिसते ते लिहून ठेवा. मंद स्पीडसाठी मोबाईलचा स्लो मोशन व्हिडिओ वापरा: सेकंदाला २४० फ्रेमचा व्हिडिओ असेल तर १/३० ला शटर आठ फ्रेम उघडं दिसायला हवं, १/१५ ला सोळा. एक-दोन फ्रेमचा फरक चालतो. १/१२५ च्या वर मात्र ही पद्धत सोडून द्या, तिथे तिच्यात दम नाही.

यावर दोन घरगुती उपाय सुचवले जातात. एक म्हणजे शटर पुन्हापुन्हा दाबत राहा, मोकळं होईल. थोडं होतं, खरंय, आणि चार दिवस ठेवून दिलं की परत तसंच. दुसरा, पडद्याच्या स्प्रिंगचा ताण वाढवा. खालची प्लेट काढली की ते स्क्रू दिसतात आणि हात शिवशिवतात. नका करू. मळ तसाच ठेवून ताण वाढवला की १/१००० दिसायला सुधारतो पण बाकीच्या स्पीडचं गणित बदलतं आणि थकलेल्या स्प्रिंगवर अजून ओझं. दुरुस्ती म्हणजे साफ करून, योग्य जागी योग्य तेवढंच वंगण देऊन, मग ताण मोजून लावणं. आणि कुठलाही तेलाचा स्प्रे आत मारू नका, तो पडद्यावर आणि लेन्सच्या पात्यांवर जाऊन बसतो आणि मग मेकॅनिक हात जोडतो.

आता एक तपासणीचा रोल काढा. मोकळ्या सावलीतली भिंत, ट्रायपॉड, २०० आयएसओ. मीटरप्रमाणे किंवा वरच्या हिशोबाने एफ/५.६ ला १/२५० येईल असं धरू. मग त्याच भिंतीचे हे सहा फोटो: १/१००० एफ/२.८, १/५०० एफ/४, १/२५० एफ/५.६, १/१२५ एफ/८, १/६० एफ/११, १/३० एफ/१६. प्रत्येकात कागदावर मोठ्या अक्षरात सेटिंग लिहून भिंतीला चिकटवा. कॅमेरा धडधाकट असेल तर निगेटिव्हवर सहाही फ्रेम सारख्याच दाट आल्या पाहिजेत. १/१००० ची एका बाजूला फिकट होत गेली तर पडदे. शेवटच्या दोन जास्त दाट असतील तर एकतर मंद स्पीड लांबलेत नाहीतर पाती पूर्ण बंद होत नाहीयेत. त्यातलं काय ते बघायला झाकण उघडून एफ/१६ ला शटर दाबा, मागून बारीक भोक दिसायला हवं, मोठं दिसलं तर पात्यांना तेल. उरलेला रोल नेहमीसारखा वापरा, फक्त सेटिंग लिहीत चला.

तर एफएम२. तुमच्या मित्राचं सगळंच चूक नाही. के१००० स्वस्त, साधा आणि विद्यार्थ्यांच्या गळ्यात दिसणारा कॅमेरा होता हे खरंच, १९७६ ते १९९७ पर्यंत बनला तो त्याच जोरावर. त्यात सेल्फ टायमर नाही, डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे किती खोलवर फोकस राहील ते, बघायची सोय नाही, व्ह्यूफाइंडरमध्ये अ‍ॅपर्चर दिसत नाही. एफएम२ मध्ये हे सगळं आहे, शिवाय धातूचं उभं धावणारं शटर, १/४००० पर्यंतचा स्पीड, फ्लॅश सिंक १/२०० आणि १९८४ पासूनच्या सुधारित मॉडेलमध्ये १/२५०. अंधारात त्याचे मीटरचे लाल दिवे दिसतात, के१००० चा काटा दिसत नाही. दिवसभर वापरायला मला स्वतःला एफएम२ च जास्त आवडतो, लपवत नाही.

पण तुमच्या रोलमधलं काय काय त्याने टळलं असतं ते मोजा. मातकट फोटो टळले नसते, आकाशाने तोही फसतो. नारिंगी पट्टे टळलेच असते असंही नाही, एफएम२ १९८२ ते २००१ मधला, म्हणजे त्याचाही फोम वयात आलेला. राहता राहिले पडदे. त्यात धातूचं शटर टिकाऊ, मान्य. पण विकणारा वर्किंग म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच की बटण दाबलं की आवाज येतो. जो तपास तुम्हाला आत्ता करायचाय तोच तिथेही करावा लागणार, फक्त पैसे देऊन झाल्यावर. आणि माउंट, म्हणजे लेन्स बसवायचा सांधा, बदललं की ही ५० एमएमची लेन्स निरुपयोगी, निकॉनची लेन्स वेगळी घ्या, तीही १९७७ च्या आधीची असेल तर एआय केलेली (नव्या बॉडीच्या मीटरशी जुळवलेली) आहे का ते बघून.

दुसऱ्या नावांचाही मोह होईल म्हणून पटकन. कॅनन एई-१ बॅटरीशिवाय शटर उघडतच नाही, आणि त्याची आरशाची यंत्रणा कोरडी पडली की दर फोटोला शिंकल्यासारखा आवाज येतो. मिनोल्टा एक्स-७०० छान, पण कपॅसिटर गेला की गप्प. ऑलिंपस ओएम-१ सुंदर आणि छोटा, मात्र त्याचा मीटर १.३५ व्होल्टच्या मर्क्युरी बॅटरीवर बेतलेला, ती आता मिळत नाही, १.५ व्होल्टची घातली की रीडिंग चुकतं. शिवाय प्रिझमजवळचा फोम सडून प्रिझमचा मुलामा खातो. यातला एकही वाईट नाही, चांगल्या अवस्थेतला मिळाला तर कुठलाही घ्या. अवस्था बघायची, मॉडेल नंतर.

बदलायचाच झाला तर कधी? पडद्याचं कापड कडक होऊन चिरलं असेल, भोकं असतील, आणि ते बदलून देणारा कोणी मिळत नसेल तर. तेव्हाही मी आधी दुसरी के माउंटची बॉडी बघेन. हा माउंट १९७५ पासूनचा आहे, पेंटॅक्सचेच केएक्स, एमएक्स आहेत, दोन्ही पूर्ण मेकॅनिकल आणि दोन्हीत सेल्फ टायमर, म्हणजे मामांची लेन्स तशीच कामात राहते. पडदे धड असतील आणि नुसते रखडत असतील तर साफसफाई आणि सर्व्हिसिंग करून घ्या. देताना नुसतं चेक करा असं सांगू नका, १/१००० ला एक बाजू जाते हे सांगा, निगेटिव्ह दाखवा, आणि काम झाल्यावर प्रत्येक स्पीडचं मोजमाप मागा. मोजायचं यंत्र नसलेला माणूस पडदे कानाने जुळवत असेल तर माझा कॅमेरा मी त्याच्याकडे देणार नाही.

तोवर कॅमेरा बंद ठेवायची गरज नाही. पडदे १/५०० ला नीट चालतायत असं दिसलं तर १०० ची फिल्म टाका आणि १/१००० विसरा. लख्ख उन्हात १०० ला एफ/८ ठेवलं की १/५०० च लागतो, एफ/११ ला १/२५०. उघड्या अ‍ॅपर्चरवर, समजा एफ/२.८ ला, माणसाचा फोटो उन्हातच काढायचा असेल तर १/४००० लागेल, जो तुमच्याकडे नाही आणि ज्याच्यासाठी लोक एफएम२ घेतात. तिथे तीन स्टॉपचा एनडी८, म्हणजे प्रकाश कमी करणारा काळपट फिल्टर लावा, तुमच्या लेन्सला ४९ एमएमचा बसतो, आणि तोच फोटो १/५०० ला निघतो. मीटर लेन्समधूनच बघत असल्यामुळे फिल्टरचा हिशोब वेगळा करावा लागत नाही, फक्त व्ह्यूफाइंडर काळोखा होतो, म्हणून फोकस आधी करून घ्या आणि मग फिल्टर चढवा.